ठाण्यात राहून सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण: एमपीएच, आरोग्यशिक्षणाची पदविका की ऑनलाइन पदवी?

खाडीकाठ, ठाणे

सर्वांना नमस्कार. मी गृहविज्ञान शाखेची, अन्न व पोषण या विषयातील पदवीधर असून गेली काही वर्षे कळवा-मुंब्रा भागातील एका स्वयंसेवी संस्थेत आरोग्य शिक्षक म्हणून काम करते. क्षयरुग्णांचा औषधोपचार मध्येच सुटू नये म्हणून घरभेटी देणे, गरोदर महिलांच्या आहाराविषयी बैठका घेणे, आशा सेविकांबरोबर वस्तीत फिरणे आणि महिनाअखेरीस या सगळ्याचा अहवाल तयार करणे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. काम मनापासून आवडते. मात्र कार्यक्रम कसा आखायचा, कोणत्या वस्तीत आधी जायचे, कशाला यश म्हणायचे, हे सारे वरच्या पातळीवर ठरते आणि तिथे बसणाऱ्या बहुतेकांकडे एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर) ही पदवी असते. वस्तीतला अनुभव माझ्याकडे त्यांच्यापेक्षा अधिक असूनही चर्चेत माझे म्हणणे 'फील्डचा अनुभव' एवढ्या सदरात जमा होते. त्यामुळे पुढे शिकावे, असे निश्चित वाटू लागले आहे.

पर्याय शोधताना मात्र गोंधळ वाढला. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील दोन वर्षांचा पूर्णवेळ एमपीएच अभ्यासक्रम मला खुणावतो, पण दोन वर्षे पगाराविना काढणे घरच्या हिशेबात बसवणे सोपे नाही. यजमानांची महापे येथे पाळीची नोकरी आहे आणि मुलगी चौथीत आहे. एका खासगी विद्यापीठाचा प्रतिनिधी 'घरबसल्या ऑनलाइन एमपीएच' घ्या म्हणून सारखे फोन करतो. नवीन पनवेलच्या केंद्रीय संस्थेत आरोग्यशिक्षणाची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका आहे, असे एका परिचारिका मैत्रिणीकडून समजले, आणि संस्थेतील एक वरिष्ठ तर सरळ एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) करण्याचा सल्ला देतात. यांपैकी कोणत्या शिक्षणाने माझ्या कामाची पातळी खरोखर बदलेल, आणि ऑनलाइन पदवीला नोकरीच्या बाजारात व शासकीय भरतीत काय स्थान आहे, हे अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायला आवडेल.

हार्बरलाइन, वाशी

ताई, मी देवनारलाच एमपीएच केले आणि सध्या आरोग्य कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचे काम करतो. माझ्या मताला त्या बाजूचा कल आहे, हे धरूनच ते वाचावे.

प्रथम संस्थेविषयी. टाटा संस्थेच्या आरोग्य विभागात सार्वजनिक आरोग्याच्या दोन वाटा आहेत: एक सामाजिक साथरोगशास्त्राची (आजार समाजात कोणाला, किती व का होतात याच्या अभ्यासाची) आणि दुसरी आरोग्य धोरण, अर्थशास्त्र व वित्त यांची. रुग्णालय प्रशासनाचा अभ्यासक्रम वेगळा आहे. तो आपल्या कामाचा नाही, त्यामुळे नामसाधर्म्याने तिकडे अर्ज भरू नये. आपण सांगितलेल्या कामाशी पहिली वाट अधिक जुळते. ही पदवी केवळ डॉक्टरांसाठी आहे असा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात माझ्या वर्गात आयुर्वेद व होमिओपॅथीचे डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, समाजशास्त्राचे पदवीधर असे सगळेच होते, आणि वस्तीतला अनुभव असलेल्यांचा चर्चेत वरचष्मा असे. प्रवेश आता सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेतून सुरू होतो, तेव्हा त्या वेळापत्रकावर आतापासून लक्ष ठेवावे.

आता या पदवीने नेमके काय मिळते, याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माहितीपत्रकात विषयांची नावे असतात, त्यांचा उपयोग नसतो. आपण क्षयरोगावर काम करता म्हणून तेच उदाहरण घेऊ. झारखंडमधील चार जिल्ह्यांत झालेल्या 'रेशन्स' या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे होती. रुग्णांना दोन्ही गटांत शिधा मिळाला. घरातील इतरांना मात्र एकाच गटात मिळाला, आणि त्या गटातील कुटुंबीयांमध्ये क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. जंतुतपासणीत सिद्ध झालेल्या फुप्फुसांच्या क्षयाचे प्रमाण तर ४८ टक्क्यांनी कमी होते. ही बातमी आपण वाचली असेलच. परंतु दोन्ही गटांतील रुग्णांना शिधा का दिला, गट पाडताना एकेक कुटुंब न निवडता अख्खी क्षयरोग युनिटे (क्षयरोग कार्यक्रमाची स्थानिक कार्यक्षेत्रे) का निवडली, ३९ टक्के म्हणजे नेमके कशाच्या तुलनेत, आणि हेच मुंब्र्यात केले तर निष्कर्ष तसाच येईल असे मानायला आधार काय, हे प्रश्न विचारण्याची सवय साथरोगशास्त्र लावते. क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारी निक्षय पोषण योजनेची मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली. ती रुग्णाच्या खात्यात जमा झाली, एवढे आपल्या अहवालात येते. त्या पैशाने घरातल्या कोणाच्या ताटात काय वाढले, हे मोजायचे कसे, याचे उत्तर देणारा माणूस बैठकीत ऐकला जातो. आपली खंत जिथे आहे तिथे हीच विद्या उपयोगी पडते.

आरोग्यशिक्षणाच्या बाजूनेही सांगायचे तर, लोकांनी आरोग्यसेवा का घ्यावी किंवा का टाळावी यामागच्या धारणांचे जे प्रसिद्ध प्रारूप जगभर शिकवले जाते, ते १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी मांडले, आणि त्याचा उगमच क्षयरोगात आहे. फिरत्या गाडीत फुकट एक्स-रे काढून मिळत असतानाही लोक का येत नाहीत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. मला धोका आहे का, आजार गंभीर आहे का, तपासणीने काही फायदा होईल का आणि आड काय येते, या चार अंगांनी त्यांनी त्याची उकल केली. हे आपण घरभेटीत रोज अनुभवता. फरक इतकाच, की शिकल्यावर त्यातून प्रश्नावली बनवता येते आणि आड काय येते हे आकड्यांत दाखवता येते.

प्रवासाचे म्हणाल तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला येऊन पुढे हार्बर मार्गाने गोवंडी हा रस्ता कुर्ल्याच्या जिन्यांपेक्षा कितीतरी सुसह्य आहे. पूर्णवेळ अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य आणि प्रबंध असतो, त्या काळात नोकरी सांभाळणे शक्य होत नाही, हे मात्र गृहीत धरावे.

जुनाविस्तारअधिकारी, कोपरी

मी शासकीय आरोग्य सेवेतून आरोग्यशिक्षण व माध्यम विभागात काम करून निवृत्त झालो. वाशीकरांनी लिहिलेले सर्व योग्य आहे, परंतु त्यांनी शिक्षणाकडून नोकरीकडे पाहिले आहे. मी उलट दिशेने पाहण्याचा सल्ला देईन. पुढील पाच वर्षांत आपल्याला ज्या पदावर जायचे आहे, त्या पदाच्या गेल्या दोन-तीन जाहिराती शोधाव्यात आणि शैक्षणिक अर्हतेचा रकाना शब्दशः वाचावा. शासकीय भरतीत छाननी करणारा लिपिक आपली योग्यता पाहत नाही, तो रकान्यातले शब्द प्रमाणपत्रावर आहेत की नाहीत एवढेच पाहतो.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातील जिल्हा वा शहर पातळीवरील कार्यक्रम व्यवस्थापक, सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापक अशा कंत्राटी पदांसाठी एमपीएच, एमएचए (रुग्णालय प्रशासनाची पदवी) किंवा एमबीए मागितले जाते आणि पुष्कळदा त्याआधी वैद्यकीय शाखेची पदवीही मागितली जाते. हा 'आधी' शब्द फार महत्त्वाचा आहे. एमपीएच असूनही मूळ पदवी गृहविज्ञानाची असल्याने अर्ज बाद झालेले उमेदवार मी पाहिले आहेत. याउलट आरोग्य शिक्षक या नावाच्या पदांसाठी आरोग्यशिक्षणाची पदविका विशेषत्वाने विचारली जाते, आणि तिथे एमपीएचधारकालाही अडचण येऊ शकते.

म्हणून नवीन पनवेलच्या पर्यायाकडे कमी लेखून पाहू नये. मुंबईत खेतवाडीला असलेले केंद्र सरकारचे कुटुंब कल्याण प्रशिक्षण व संशोधन केंद्र पुढे राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य प्रशिक्षण व संशोधन संस्था म्हणून नवीन पनवेलच्या परिसरात विस्तारले. तिथली पदव्युत्तर पदविका देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेशी संलग्न आहे. ही तीच संस्था, जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते आणि १९८५ पासून अभिमत विद्यापीठ आहे. देशात या विषयाची पदविका देणाऱ्या जुन्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत: कोलकात्याची १९३२ साली स्थापन झालेली अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था, तमिळनाडूतील गांधीग्राम आणि आपल्या दाराशी असलेली ही. ठाण्याहून पनवेलला थेट लोकल असताना लोक दिल्ली-चेन्नईची चौकशी करत बसतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

त्या पदविकेत शिकवतात ते आपल्या रोजच्या कामाचे शास्त्र असते: समाजाच्या गरजांचे निदान, संदेशाची आखणी, माध्यमाची निवड, प्रशिक्षणाचे नियोजन, क्षेत्रीय प्रात्यक्षिक. शासकीय सेवेतील उमेदवारांना राज्याकडून प्रतिनियुक्तीवर पाठवले जाते, त्यामुळे वर्गात आपल्यासोबत निरनिराळ्या राज्यांतील अनुभवी पर्यवेक्षक बसतात आणि त्यांच्याकडून मिळणारे शिक्षण वेगळेच असते. अर्हतेतील विषय, वयोमर्यादा आणि थेट उमेदवारांच्या जागा यंदाच्या माहितीपत्रकात स्वतः पाहाव्यात. त्या वर्षागणिक बदलतात.

एमएसडब्ल्यूविषयी एवढेच सांगतो, की वैद्यकीय समाजसेवक किंवा समुपदेशक व्हायचे असेल तर ती पदवी उपयोगी पडते, अन्यथा आपल्याला तिचा उपयोग नाही. ऑनलाइन एमपीएच हा तर माझ्या मते पैशाचा अपव्यय आहे. वस्ती न पाहता सार्वजनिक आरोग्य शिकणे मला पटत नाही.

रात्रपाळी, ऐरोली

कोपरीच्या सरांचा जाहिरातीकडून मागे येण्याचा सल्ला मोलाचा आहे, पण ऑनलाइनविषयीचे त्यांचे शेवटचे वाक्य मला मान्य नाही. ज्याने वस्ती पाहिलेलीच नाही, अशा बावीस वर्षांच्या पदवीधराला ते लागू पडते. ताई तर रोज वस्तीतच असतात. त्यांना क्षेत्रकार्य नवे नाही, त्यांना सांख्यिकी आणि साथरोगशास्त्र हवे आहे, आणि हे दोन्ही विषय संगणकासमोर बसून उत्तम शिकता येतात. मी स्वतः औषधनिर्माण कंपनीतील नोकरी सांभाळून लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनचा दूरशिक्षणाचा सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम करत आहे. तो दोन ते पाच वर्षांत आपल्या सवडीने पूर्ण करता येतो आणि मध्ये थांबावे लागले तर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडता येते. काम सोपे नाही. प्रत्येक विषयाची गृहपाठाची टिपणे लिहिताना सुट्ट्या कुठे जातात ते कळत नाही, आणि शुल्क पौंडांत असल्याने हात चांगलाच सैल सोडावा लागतो. आंतरराष्ट्रीय संस्थांत तिला मान आहे. भारतातील शासकीय पदासाठी मात्र परदेशी पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न येतो, आणि यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एप्रिल २०२५ मध्ये त्याविषयी नवे विनियम अधिसूचित केले आहेत. ज्यांना सरकारी नोकरीच करायची आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी ते वाचावेत.

खासगी विद्यापीठाच्या फोनबद्दल मात्र अत्यंत सावध राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने विद्यापीठांना कळवले, की २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून चालवता येणार नाहीत. त्यात मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि अन्न व पोषणशास्त्र, तसेच चिकित्सा-पोषण व आहारशास्त्र यांची नावे होती. म्हणजे आपल्या मूळ विषयात एमएस्सी दूरस्थ पद्धतीने करण्याची वाट बंद झाली. एमपीएचचे नाव त्या यादीत नाही, परंतु त्याच कायद्याच्या परिशिष्टात आरोग्य शिक्षक व समुपदेशक हा व्यवसाय नोंदवलेला आहे, हे ध्यानात ठेवावे. म्हणून त्या प्रतिनिधीकडे एकच गोष्ट मागावी: यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाने, चालू सत्रासाठी, याच अभ्यासक्रमाला, ऑनलाइन पद्धतीने दिलेली मान्यता. विद्यापीठाला मान्यता आहे, नॅकची (उच्च शिक्षणसंस्थांच्या मूल्यांकन परिषदेची) श्रेणी आहे, या उत्तरांनी समाधान मानू नये. मान्यता सत्रागणिक आणि अभ्यासक्रमागणिक असते, आणि ती यूजीसीच्या संकेतस्थळावर आपल्याला स्वतः पाहता येते. मान्यता असेल तर ती पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरली जाते, असे यूजीसीने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. मग कोपरीचे सर काहीही म्हणोत!

मान्यता मिळालीच तर आणखी एक प्रश्न विचारा. प्रबंधाला मार्गदर्शक कोण असेल आणि स्वतः गोळा केलेल्या माहितीवर प्रबंध लिहिता येईल का? 'प्रकल्प आम्ही तयार करून देतो' असे उत्तर आले, तर फोन ठेवून द्यावा.

खाडीकाठ, ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल त्या प्रतिनिधीला मान्यतेचे पत्र मागितले, त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. एमएसडब्ल्यूचा विचारही सोडला आहे.

आता दोन शंका उरतात. शासकीय नोकरीचा माझा आग्रह नाही. स्वयंसेवी क्षेत्रातच राहून कार्यक्रमाच्या आखणीत सहभाग मिळावा, एवढीच इच्छा आहे. अशा वेळी आधी पनवेलची एक वर्षाची पदविका करून, मुलगी थोडी मोठी झाल्यावर एमपीएचकडे वळणे शहाणपणाचे ठरेल, की त्यात एक वर्ष वाया जाईल? दुसरे असे, की बारावीनंतर गणिताशी माझा संबंध फक्त लाभार्थ्यांच्या टक्केवारीपुरता उरला आहे. सांख्यिकीची मला मनातून भीती वाटते आणि ती अनाठायी आहे की नाही, हे प्रवेश घेण्याआधीच कळले तर बरे होईल.

हार्बरलाइन, वाशी

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर पहिले अवलंबून आहे. चेन्नईच्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तयार केलेला आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या शासकीय मंचावर मोफत पाहता येतो. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क लागते. अभ्यासाचे प्रकार, नमुन्याचा आकार, मोजमापातील चुका, माहितीचे व्यवस्थापन हे सारे त्यात छोट्या छोट्या व्याख्यानांत आहे. तो करताना आपल्याच संस्थेच्या नोंदवहीतील वर्षभराची माहिती समोर ठेवा. उपचार सोडलेले रुग्ण आणि पूर्ण केलेले रुग्ण यांच्यात वय, लिंग, घरातील कमावत्यांची संख्या, आरोग्य केंद्रापासूनचे अंतर यांत काही फरक दिसतो का, हे साध्या तक्त्यात मांडून पाहा. रुग्णांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील आधी काढून टाका आणि संस्थेची लेखी परवानगी घ्या. एमपीएचच्या सांख्यिकीत सूत्रे पाठ करण्यापेक्षा कोणत्या प्रश्नाला कोणती चाचणी लावायची याचा विचार अधिक असतो. आकडेमोड संगणक करतो. हा तक्ता करताना आपल्याला कंटाळा आला तर पदविका घ्यावी, आणि रात्र झाल्याचे भान राहिले नाही तर थेट एमपीएचला यावे. पहिल्या शंकेवर माझे मत एवढेच आहे.

जुनाविस्तारअधिकारी, कोपरी

ऐरोलीकरांचा मुद्दा मी मान्य करतो; अनुभवी कार्यकर्त्याच्या बाबतीत माझे वाक्य अधिक कठोर झाले.

पदविकेचे वर्ष वाया जात नाही, परंतु एमपीएचच्या कालावधीतून ते वजाही होत नाही, हे आधीच समजून घ्यावे. शासकीय नोकरी नको असेल, तर पदविकेचा मुख्य लाभ, म्हणजे जाहिरातीतील रकाना, आपल्याला लागूच होत नाही. मग उरतो तो विषयाचा अभ्यास, आणि तो आपण अर्धाअधिक कामातून केलेला आहे. त्यामुळे आपल्या परिस्थितीत, माझ्या आधीच्या सल्ल्याच्या विरुद्ध जाऊन, मी एमपीएचच सुचवीन.

पगाराच्या प्रश्नावर एक व्यवहार्य मार्ग आहे. स्वयंसेवी संस्थांना निधी देणाऱ्यांकडे कर्मचाऱ्यांच्या क्षमतावृद्धीसाठी तरतूद असू शकते. पुढील वर्षाचा प्रस्ताव तयार होत असतानाच आपल्या संचालकांशी बोलून शुल्काचा काही भाग त्यात धरता येईल का, आणि दोन वर्षांची बिनपगारी रजा देऊन प्रबंधाचा विषय संस्थेच्याच कार्यक्रमावर ठेवता येईल का, हे लेखी विचारावे. प्रस्ताव एकदा गेल्यावर त्यात बदल होत नाही, म्हणून सीयूईटीचा निकाल लागेपर्यंत थांबू नये.